वीराच्या गावाला

दिवस पहिला, मिरज

रात्री मिरज स्टेशनवर गोवा एक्स्प्रेसची वाट बघत बसलो होतो. धाकटी म्हणाली, "ताई, सिमल्याला लोक बर्फ बघायला जातात. एप्रिलात आपण काय बघणार आहोत ते तरी सांग."

"एक नटी," मी म्हटलं.

तिला वाटलं तिथे कुणाचं शूटिंग चालू असेल. मग मी नाव सांगितलं, प्रिया राजवंश. ती जरा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "ती, जिचा खून झाला ती?"

तिचा दोष नाही. मार्च २००० च्या शेवटच्या आठवड्यात पेपरात बातमी आली, तेव्हा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही हेच झालं होतं. आधी नाव कुणाला आठवेना. कुणीतरी 'हीर रांझा' म्हटल्यावर चेहरा आठवला. मग मधली सुट्टी संपेपर्यंत बंगला कुणाचा, वाटणी कशी, कोण कोणाचं कोण, एवढंच बोलणं झालं. बाईने कामं काय केली हा विषयच निघाला नाही. मीही काढला नाही. मी स्वतः हौशी रंगभूमीवर बावीस वर्षं उभी राहिलेली बाई, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना घरचा स्वयंपाक उरकून धावत जाणारी. मला तरी सुचायला हवं होतं. पुढे कधीतरी वाचलं की ती मूळची सिमल्याची, आणि तोंडाला पहिला रंग लागला तो तिथल्या गेइटी थिएटरात. तेव्हापासून ते थिएटर बघायचं मनात होतं. निवृत्तीनंतर जमलं.

२७ मार्च हा तिच्या मृत्यूचा दिवस मी मुद्दाम टाळला. त्या तारखेला जायचं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

दिवस दुसरा आणि तिसरा, गाडीत

मनमाड, भुसावळ, खांडवा. खिडकीबाहेर उन्हाने पांढरी पडलेली शेतं आणि आत पोळी-चटणी, दशम्या. धाकटीला मी प्रियाची गोष्ट सांगत गेले, म्हणजे मला ठाऊक होती तेवढी.

तिचं खरं नाव वीरा. वीरा सुंदर सिंग. वडील सुंदर सिंग वनखात्यात कॉन्झर्व्हेटर. शिक्षण सिमल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, मग सेंट बीड्स कॉलेजात. शिकता शिकता इंग्रजी नाटकांत कामं केली. वडिलांची संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामावर नेमणूक झाली आणि ती लंडनला गेली. तिथे तिने 'राडा'मध्ये, म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये प्रवेश घेतला. नाटकवाल्या माणसाला या नावाचं वजन सांगायला नको. आवाज कुठून काढायचा, श्वास कुठे तोडायचा, रंगमंचावर चालायचं कसं, हे सगळं तिथे पायापासून शिकवतात. लंडनमध्ये एका छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो हिंदी चित्रपटसृष्टीतल्या माणसांपर्यंत पोचला आणि त्या वाटेने ती १९६२ च्या सुमारास चेतन आनंद यांच्यासमोर आली.

चेतन आनंद म्हणजे देव आनंद आणि विजय आनंद यांचे थोरले बंधू. १९४६ साली कान महोत्सवात 'नीचा नगर'ला सर्वोच्च सन्मान मिळाला होता, त्याचे दिग्दर्शक. वयाने ते तिच्यापेक्षा बरेच मोठे, पत्नीपासून वेगळे राहत होते. त्यांनी तिला १९६४ च्या 'हकीकत'मध्ये घेतलं आणि तिथून पुढे दोघं आयुष्यभर एकत्र राहिले. लग्न झालं नाही.

"आणि बाकीचे सिनेमे?" धाकटीने विचारलं.

सात. 'हकीकत', 'हीर रांझा', 'हँसते जख्म', 'हिंदुस्तान की कसम', 'साहेब बहादुर', 'कुदरत' आणि १९८६ चा 'हाथों की लकीरें'. बावीस वर्षांत सात चित्रपट आणि सातही चेतन आनंद यांचे.

"दुसऱ्या कुणाकडे केलाच नाही?"

"नाही."

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. झाशी येईपर्यंत ती काही बोलली नाही. ती बँकेत होती. एकाच खात्यात सगळी पुंजी ठेवणाऱ्या माणसांची तिला नेहमी काळजी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला उतरलो. दिल्लीत दिवस काढला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रात्री जुन्या दिल्लीच्या स्टेशनवरून कालका मेल धरली. तिला आता नेताजी एक्स्प्रेस म्हणतात, पण हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळे 'कालका मेल'च म्हणत होते.

दिवस चौथा, कालका ते सिमला

पहाटे कालक्याला उतरलो तेव्हा अंधार होता आणि हवा गार. फलाटाच्या पलीकडे छोटी गाडी उभी. रूळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. १९०३ साली ही लाइन सुरू झाली, ९६ किलोमीटरची, आणि वाटेत शंभराच्या वर बोगदे. सुरुवातीला आम्ही मोजत होतो. चाळिशीच्या आसपास चुकलो आणि सोडून दिलं. बडोगचा तेहतीस क्रमांकाचा बोगदा मात्र ध्यानात राहिला. एक किलोमीटरहून लांब आहे. आत शिरल्यावर डब्यातली पोरं ओरडायला लागली आणि बाहेर पडल्यावर समोर ते चित्रातल्यासारखं स्टेशन. तिथे गाडी थांबते. कटलेट आणि चहा घेतला.

बडोगनंतर झाडं बदलतात. चीड मागे पडते आणि वर जाल तसे देवदार सुरू होतात. देवदाराच्या फांद्या एकावर एक पसरलेल्या असतात, समईच्या ताटल्या रचाव्यात तशा. वनखात्यातल्या बापाची मुलगी. तिला ही झाडं नावानिशी ओळखता येत असतील. रंगमंचावर सरळ, ताठ उभं राहायला तिने कुठून शिकावं याचा मी उगाच विचार करत होते.

दुपारी सिमला. खाली कार्ट रोडवरून मॉलवर, म्हणजे वरच्या बाजाराच्या रस्त्यावर जायला लिफ्ट आहे. सामान एका काश्मिरी हमालाने पाठीवर घेतलं. इथे त्यांना सगळे 'खान' म्हणतात. दोन बॅगा आणि वर आमची वळकटी घेऊन तो आमच्या आधी खोलीवर पोचला. रात्री सिड्डू खाल्ले. वाफवलेला मऊ पाव, आत सारण, वर तूप. आमच्या उकडीच्या मोदकांची आठवण झाली, चव अगदी निराळी असली तरी.

दिवस पाचवा, गेइटी

ज्यासाठी आलो ते थिएटर मॉलवरच आहे, रिज नावाच्या मोकळ्या पटांगणाच्या अगदी खाली. बाहेरून करड्या दगडाची गॉथिक इमारत. हेन्री आयर्विनने बांधलेली आणि १८८७ साली उघडलेली. एके काळी तिला वर आणखी मजले होते, ते धोक्याचे झाले म्हणून उतरवले. नंतर पडझड झाली. मोठी डागडुजी होऊन २००९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. तिकीट काढलं की एक गाइड आत फिरवून आणतो.

दार उघडलं आणि मी दारातच उभी राहिले. किती लहान आहे! फोटोंवरून मला भव्य वाटलं होतं. सांगलीच्या भावे नाट्यमंदिराची सवय असलेल्या डोळ्यांना तर ते दिवाणखान्याएवढं वाटेल. घोड्याच्या नालेसारखी वळलेली गॅलरी, नक्षी, हिरवा आणि सोनेरी रंग. आणि रंगमंच इतका जवळ की पहिल्या रांगेतल्या माणसाला नटीच्या कपाळावरचा घाम दिसावा.

गाइडने नावं सांगितली. इंग्रजी लेखक किपलिंग इथे नाटकात उभा राहिला होता. पृथ्वीराज कपूर आपली नाटक कंपनी घेऊन आले होते. भिंतीवर जुन्या प्रयोगांचे फोटो आहेत. साहेब आणि मडमा, खोट्या दाढ्या, फुग्याचे झगे. मी एकेक चेहरा बघत गेले.

"किसको ढूँढ रही हैं, माँजी?" गाइडने विचारलं.

मी सांगितलं. तो तरुण होता, तिशीच्या आतला. प्रिया राजवंश म्हटल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. वीरा सुंदर सिंग म्हटल्यावरही हलवली. मग त्याने मोबाइलवर नाव घातलं, वाचलं, आणि त्याच्या तोंडून तेच आलं जे धाकटीच्या तोंडून आलं होतं. "ओह. मर्डर."

मला राग आला, पण त्याच्यावर नाही. त्या पडद्यावर पहिल्याच ओळीत जे येतं तेच तो वाचणार. मी त्याला म्हटलं, "ती इथे नाटक करायची. या स्टेजवर. हे तुमच्या सगळ्या नावांच्या यादीत घाला." त्याने घाईने हो म्हटलं. पण मग जे केलं ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "आप ऊपर जाइए, कुछ बोलिए. यहाँ माइक नहीं लगता."

वर जायची खरं तर परवानगी नसावी. मी चपला काढल्या. रंगमंचाला पाया पडले. बावीस वर्षांची सवय. मधोमध उभी राहिले आणि माझ्या शेवटच्या नाटकातलं एक वाक्य बोलले. मोठ्याने नाही, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. धाकटी शेवटच्या रांगेत होती. तिने हात वर केला. ऐकू आलं होतं, अगदी 'स'सुद्धा.

म्हणजे वीराला ओरडावं लागत नव्हतं. अशा ठिकाणी घडलेला आवाज हळू बोलायला शिकतो. पुढे हिंदी पडद्यावर तिचे उच्चार इंग्रजी वळणाचे आहेत, ती तुटक बोलते, अशी टीका आयुष्यभर झाली. टीका चूक होती असं मी म्हणणार नाही. पण तो आवाज कुठे तयार झाला हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आलो तेव्हा रिजवर घोडेवाले, आइस्क्रीमवाले, क्राइस्ट चर्चसमोर फोटो काढणारी नवी जोडपी. धाकटीने शाल घेतली. मी तासभर बाकावर बसून राहिले.

दिवस सहावा, नवबहार

नाश्ता करून चालत निघालो. चेल्सीचं कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी इथलं जुनं, १८६४ सालचं. वीरा तिथे शाळेची कॅप्टन होती. शाळा भरलेली, आत जायचा प्रश्नच नव्हता आणि जायला नकोही होतं. फाटकाबाहेरून घंटा ऐकू आली. पाठोपाठ मुलींचा एकच गलबला. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला तो आवाज कुठेही सारखाच.

जवळच सेंट बीड्स, नवबहारला. १९०४ साली निघालेलं मुलींचं कॉलेज. रस्ता देवदारांतून जातो. मधूनच बुरांश फुललेला, लालभडक, आमच्याकडच्या पांगाऱ्यासारखा डोळ्यांत भरणारा. मुलींचा एक घोळका वरून उतरत होता, हसत, एकमेकींच्या अंगावर पडत. त्यातली एक उंच होती, मान ताठ. मी धाकटीला कोपर मारलं. तिलाही तेच वाटलं होतं.

'कुदरत' इथलाच, सिमल्याचा. १९८१ चा. राजेश खन्ना, हेमा मालिनी, राज कुमार. प्रिया त्यात वकील आहे, करुणा. पूर्वजन्मीच्या एका खुनाचा खटला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तिचा बाप. जन्मगावी युनिट घेऊन आली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. काळा कोट घालून कोर्टात उभी राहते तेव्हा ती चांगली वाटते. तिथे तिचं ते तोलून बोलणं भूमिकेला शोभतं. चेतन आनंद यांना त्या चित्रपटाच्या कथेसाठी फिल्मफेअर मिळालं.

परतताना मी देवदाराचं एक बोंड पिशवीत टाकलं.

दिवस सातवा, पाऊस

सकाळपासून पाऊस, मध्येच गारा. खोलीबाहेर पडता येईना. रजया ओढून दोघी मोबाइलवर सिनेमे बघत बसलो.

आधी 'हकीकत'. १९६२ च्या चीन युद्धावरचा, बराचसा लडाखमध्ये चित्रित केलेला. तिथल्या उघड्या डोंगरांच्या समोर माणसं किती लहान दिसतात! ती त्यात लडाखी मुलगी आहे, आंग्मो. धर्मेंद्र कॅप्टन. तिला संवाद थोडे आहेत आणि ते बरंच झालं. पहिला चित्रपट, परकी भाषा, तरी चेहऱ्यावर घाबरटपणा नाही. शेवटी दोघं चौकी लढवत मरतात. त्या प्रसंगात ती अभिनय करते आहे असं वाटतच नाही, आणि नाटकवाल्या माणसाकडून याहून मोठी दाद नसते.

मग 'हीर रांझा', १९७० चा. यातले सगळे संवाद कैफी आझमींनी पद्यात लिहिले. सगळे! धाकटीला ते आधी कळलं नाही. दहा मिनिटांनी म्हणाली, "अगं, हे गाणं न म्हणता गाण्यात बोलतायत." पद्य बोलणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. चाल नाही, ठेका तर सोडता येत नाही, आणि कविता म्हणतोय असं वाटता कामा नये. राज कुमार आपल्या पद्धतीने ती ओळ फेकतो आणि झेलतो. प्रियाला उर्दू अंगभूत नव्हती. काही ठिकाणी ती शब्द उचलून ठेवते, जड भांडं उचलून ठेवावं तसा. पण काही ठिकाणी श्वास बरोबर जागी तुटतो आणि ओळ सरळ आत जाते. तिथे मला ती लंडनची शाळा दिसली.

हिला शेक्सपिअर द्यायला हवा होता. किंवा इंग्रजी रंगभूमी. किंवा निदान दुसरा एखादा दिग्दर्शक, जो तिच्यावर प्रेम करत नाही आणि म्हणून तिच्याकडून काहीतरी निराळं मागतो. चेतन आनंद यांनी तिला सगळं दिलं, हीर दिली, लडाख दिला. 'हँसते जख्म'मध्ये कोठ्यावर वाढलेल्या मुलीची मोठी भूमिका दिली. पण एकाच हाताने घडवलेल्या मूर्तीला एकच बाजू येते. हे माझं मत आहे. धाकटीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "तिला तेच हवं असेल. सगळ्यांना सगळ्यांसमोर काम करायची हौस नसते." आम्ही बराच वेळ वाद घातला आणि चहा थंड झाला.

हीरला तिच्याच माणसांकडून विष दिलं जातं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिथे पोचण्याआधी मी मोबाइल बंद केला.

दिवस आठवा आणि नववा, परतीचा प्रवास

गाडीने दिल्ली, तिथून राजधानीने मुंबई. उरलेली गोष्ट मी धाकटीला राजधानीत सांगितली, दिवे मालवल्यावर, हळू आवाजात.

६ जुलै १९९७ ला चेतन आनंद गेले. मृत्युपत्राने मालमत्तेत त्यांच्या दोन मुलांबरोबर प्रियालाही वाटा मिळाला. जुहूच्या रुईया पार्कमधल्या बंगल्यात ती राहत राहिली. २७ मार्च २००० ला तिथेच तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर तो खून असल्याचं पोलिसांनी म्हटलं. खटल्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि विजय आनंद यांना लिहिलेलं पत्र पुरावा म्हणून आलं. आपल्या जिवाला घोर आहे हे तिने लिहून ठेवलं होतं. जुलै २००२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चेतन आनंद यांचे दोन्ही मुलगे आणि घरातले दोन नोकर अशा चौघांना जन्मठेप सुनावली. त्याच वर्षी उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला आणि अपील वर्षानुवर्षं चालू राहिलं.

"लिहून ठेवलं होतं," धाकटी अंधारात म्हणाली, "म्हणजे तिला कुणाला तरी सांगायचं होतं."

मला झोप आली नाही. नाटकात बाई पत्र लिहिते तेव्हा ते प्रेक्षकांना ऐकू येतं.

दिवस दहावा, जुहू

भाचीकडे सामान टाकून दुपारी जुहूला गेलो. बंगला शोधायचा नाही हे मिरजेलाच ठरलं होतं. रिक्षावाल्याला चौपाटीला न्यायला सांगितलं. शनिवार होता, भेळवाले, पतंग, ओल्या वाळूत लोळणारी पोरं. वीरा रोज हाच वारा घेत असेल. डोंगरातल्या माणसाला समुद्राची सवय व्हायला किती वेळ लागतो कोण जाणे. मला सिमल्याला चौथ्या दिवशीही धाप लागत होती.

तिथून जानकी कुटीरला. कैफी आझमी इथेच राहायचे. तिचे पद्यातले संवाद ज्यांनी लिहिले त्यांचं घर आणि तिचं घर एकाच जुहूत. त्याच आवारात पृथ्वी थिएटर, १९७८ पासूनचं. गेइटीच्या रंगमंचावर नाटक करून गेलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या नावाचं. मला वीराला इथे बघायला आवडलं असतं. प्रेक्षक तीन बाजूंनी, जवळ बसलेले, माइकची गरज नाही. तिच्या हळू आवाजाला अगदी हवी तशी जागा.

संध्याकाळच्या हिंदी नाटकाची दोन तिकिटं मिळाली. पृथ्वीला उशीर झाला तर आत सोडत नाहीत, म्हणून आधीपासून रांगेत उभ्या राहिलो. पुढे एक कॉलेजची मुलगी होती, खांद्याला शबनम. आमच्या बॅगेवर सिमल्याचं लेबल बघून तिने विचारलं, "आजी, फिरायला गेला होता?"

मी तिला सांगितलं. सिमल्याची एक मुलगी, गेइटीत नाटकं करायची, राडात शिकली, सात सिनेमे केले. पद्यात बोलायची. याच जुहूत राहायची.

"नाव काय?"

मी नाव सांगितलं. आधी वीरा, मग प्रिया. तिने मोबाइल काढला, तशी मी तिच्या हातावर हात ठेवला. "आत्ता नको शोधूस. घरी गेलीस की आधी 'हकीकत' बघ. मग बाकीचं वाच."

ती जरा गोंधळली, पण तिने मोबाइल बंद केला आणि हातावर पेनने 'हकीकत' लिहून घेतलं. दार उघडलं. धाकटीने माझ्या पिशवीत हात घालून तिकिटं शोधली. तिच्या हाताला आधी देवदाराचं बोंड लागलं, मग तिकिटं.